तिसरी क्लचप्लेट

“निपाणीतनं कोल्हापूर आणि कोल्हापुरातनं निपाणी. सगळा हायवे. टॉपला टाकायची आणि गप बसायचं. तशी पळवली तर कुठलीबी गाडी दीड लाख पळंल, सौम्ये. इथं बेळगुंदीच्या रस्त्यावर आणून दाव म्हणावं तुझ्या सासऱ्याला.”

साईराजनं भाकरीचा तुकडा बहिणीच्या तोंडासमोर असा धरला होता, की रस्त्यातले खड्डे जणू तिच्या सासरच्यांनीच पाडले असावेत. रविवार होता. सौम्या सकाळच्या बसनं निपाणीहून आली होती. पानावर बसून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर बहीणभावंडांचं जुंपलं. भांडण नवं नव्हतं. महिनाभर ते फोनवर चाललंच होतं, आज फक्त समोरासमोर आलं.

घरातली बारा वर्षांची गाडी विकायची, हे दोघांनाही मान्य होतं. दोन वर्षांत तिच्या तीन क्लचप्लेटा गेल्या होत्या. असल्या गाडीतून त्रेसष्ट वर्षांच्या बापानं साईराजच्या आठ वर्षांच्या मुलीला, शाल्मलीला घेऊन रोज बेळगावला शाळेत सोडायला जायचं, हे दोघांनाही नको होतं. वाद होता तो पुढचा. नवी घ्यायची ती कुठल्या कंपनीची?

बेळगुंदीत गाड्यांच्या कंपन्यांची खरी नावं कुणी फारशी घेत नाही. बेळगावात शोरूम ज्या रस्त्याला, तेच कंपनीचं नाव. घरातली गाडी कॉलेज रोडवाली. सौम्याच्या सासरी खानापूर रोडवाली होती आणि तिचं तिला भारी कौतुक. साईराजच्या मनात हायवेवाली भरली होती, कारण बेळगावजवळच्या मच्छ्याच्या कारखान्यात त्याच्याबरोबर काम करणाऱ्या तिघांनी तीच घेतली होती.

“तीन वर्सं झाल्यात तुझ्या मित्रांच्या गाड्यांना,” सौम्या म्हणाली. “तीन वर्सांत काय, बायकोबी नवीच असती दादा. धा वर्सांनी सांग.”

“हे कुणाला लावून बोललीस गं?” रस्सा वाढणारी साईराजची बायको दिपाली म्हणाली, आणि नणंद-भावजय दोघी हसल्या. साईराज मात्र हसला नाही. त्यानं मोबाइल काढला आणि डाव्या हातानं कुणाचातरी व्हिडिओ शोधायला लागला. त्यात एक माणूस तिन्ही कंपन्यांच्या गाड्या उघडून दाखवत होता म्हणे.

त्यांची आई मालुबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिचं लक्ष भांडणात नव्हतं. तिचं लक्ष दारातून दिसणाऱ्या पेरूच्या झाडाकडं होतं. झाडाच्या बुंध्याशी एक चप्पल पडली होती. डाव्या पायाची. तिचा नवरा रवळूअण्णा मघाशी गोठ्याकडून आला तो एकाच चपलेनं आला होता. उंबऱ्याशी उजवी काढून ठेवली आणि हात धुऊन पानावर बसला. डावी पाठीमागं राहिलीय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“आप्पा, तुम्ही बोला,” साईराज म्हणाला. “तुम्ही सांगितलं की मिटलं.”

एरवी खरंच मिटलं असतं. नुसतं घरातलं नव्हे, सगळ्या गावातलं. पण रवळूअण्णानं वर न बघता भाकरी रश्श्यात कुस्करली.

“जेवा आधी,” तो म्हणाला.

रवळूअण्णा एकोणिसाव्या वर्षी मच्छ्यातल्या एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागला आणि चाळीस वर्षांनी त्याच शेडमधून रिटायर झाला. तिथं गाड्यांच्या इंजिनातले क्रँकशाफ्ट बनायचे. खडबडीत ओतीव लोखंड एका दारानं आत यायचं आणि आरशासारखं होऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडायचं. एका यंत्रावर एका कंपनीचा माल, शेजारच्या यंत्रावर दुसरीचा. शेवटची पंचवीस वर्षं तो तपासनीस होता. नगाला मापाचं गेज लावायचं. बसलं तर पास, नाही बसलं तर तांबडा रंग फासून बाजूला. यंत्रावर मालकाचा मेहुणा उभा असला तरी तांबडा तो तांबडाच. एकदा दिवाळीच्या तोंडावर ट्रक भरून उभा असताना त्यानं सगळा लॉट उतरवायला लावला होता. मालक तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी सगळ्या कामगारांदेखत त्याला आपल्या टेबलावर बसवून चहा पाजला.

शेडमधून त्यानं घरी कधी एक वायसरसुद्धा आणला नाही. आणली ती फक्त सवय. डब्याचं झाकण, दाराची बिजागरी, भाकरीची कड, सगळ्यावरून त्याचा अंगठा फिरायचा. मालुबाईला तो बघायला आला होता तेव्हाची गोष्ट. पोह्यांची बशी ठेवलेलं स्टूल डुगडुगत होतं. त्यानं खिशातलं बसचं तिकीट काढलं, घडी घातली, वाकून पायाखाली सारली, स्टूल दोनदा हलवून बघितलं आणि मग पोहे खाल्ले. मालुबाईच्या वडलांना वाटलं, पोरगा खोड काढतोय, जमायचं नाही. दाराआड उभ्या मालुबाईला वाटलं, ह्याच्या घरात काही डुगडुगत राहायचं नाही. चाळीस वर्षं झाली. फारसं राहिलं नव्हतं.

गाडी घ्यायचं मनात आल्यावरही हा माणूस शोरूमला गेला नाही. आठ वर्षं नुसती बघत राहिला. नवीन वर्षाला शेडमध्ये डायऱ्या मिळायच्या, त्यातली एक त्यानं ह्या कामाला काढली. गावात जेवढ्या गाड्या तेवढी पानं. गाडी कुणाची, कधी घेतली, किती किलोमीटर झाले, काय मोडलं, कशानं मोडलं. रस्त्यात माणसाला थांबवायचा आणि तब्येत विचारण्याआधी किलोमीटर विचारायचा. पोरं त्याला गाड्यांचा तलाठी म्हणायची. पण पुढं पुढं शेजारच्या बिजगर्णी आणि राकसकोपची माणसंही गाडी घेण्याआधी त्याच्या पडवीत येऊन बसायला लागली. कुणी विचारलं, अण्णा, कुठली कंपनी चांगली, तर तो म्हणायचा, “पैली तीन वर्सं सगळ्याच चांगल्या. चौथ्या वर्सापास्नं रबर बोलाय लागतंय, आठव्यापास्नं लोखंड. तू किती वर्सं ठेवणार ते सांग, मग मी सांगतो.” आणि मग डायरी उघडून, कुणाच्या गाडीचं लोखंड कधी बोललं ते वाचून दाखवायचा. त्या सगळ्या तुलनेतून शेवटी त्यानं स्वतःसाठी कॉलेज रोडवाली घेतली. ती बघून गावात आणखी पाचजणांनी तीच घेतली.

शेडमधला त्याचा एक नियम घरातल्या पोरांनाही तोंडपाठ होता. एक नग वाकडा निघाला तर नग बघ. सगळे वाकडे निघाले तर यंत्र बघ. एकाच पाळीचे वाकडे निघाले तर त्या पाळीला यंत्रावर कोण उभा हुता ते बघ.

चपलेचं मालुबाईच्या लक्षात आलं त्याला आता दोन वर्षं होत आली होती. आधी वाटलं, पट्टा सैल झाला असेल. तिनं बेळगावहून नवी जोडी आणली. तीही मागं राहायला लागली. कधी गोठ्यात, कधी पायरीवर, एकदा तर भर चौकात. त्या दिवशी तो देवळापासून घरापर्यंत अर्धा अनवाणी आला. टाचेत काच शिरली होती, उंबऱ्यावर रक्ताचे ठिपके पडले, आणि तो तिला विचारत होता, मांजरानं उंदीर मारला काय गं. शुगर अकरा वर्षांची. डॉक्टरनं सांगितलंच होतं, पायाकडं लक्ष द्या, पाय हळूहळू बधिर होतात. तेव्हापासून मालुबाई लक्ष देत होती. म्हणजे असं, की चप्पल कुठं पडली ते बघायचं, कुणाच्या नजरेला पडायच्या आत उचलायची आणि उजवीच्या शेजारी आणून ठेवायची. ह्यावर दोघं नवराबायको आजवर एक शब्द बोलली नव्हती.

क्लचचं मात्र तिला कळलं ते गेल्या महिन्यात. मच्छ्याला बारशाला गेली होती, परत येताना ज्योतिबाच्या गॅरेजपाशी उतरली. ज्योतिबा रवळूअण्णाच्या हाताखाली शेडमध्ये शिकलेला, पुढं त्यानं गॅरेज टाकलं. तिसरी प्लेट त्यानंच बदलली होती आणि साईराजला सांगितलं होतं, कंपनीचा माल पहिल्यासारखा राहिला नाही. मालुबाईनं त्याला सरळच विचारलं. त्यानं फडक्याला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

“वैनी, प्लेटा चांगल्या हुत्या. तिन्हीबी. अण्णांचा डावा पाय क्लचवरनं उठत न्हाय. अर्धा दाबलेलाच ऱ्हातोय. प्लेट घासून घासून जळती. मला गेज धराय त्यांनी शिकवलं. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू?”

“मग मला का सांगितलंस?”

“तुम्ही इचारलासा म्हून.”

तेव्हापासून हे ओझं तिच्या एकटीच्या पदरात होतं. सकाळी साडेसातला गाडी निघायची. शाल्मली मागच्या काचेतून हात हलवायची. रवळूअण्णा आरसा पुसून, दोनदा हॉर्न वाजवून वळणावर दिसेनासा व्हायचा. मग मालुबाई घड्याळ बघत भांडी घासायची. सव्वाआठला त्याला फोन करायची आणि सांगायची, कोथिंबीर आणा. दुसऱ्या दिवशी काडेपेटी. तिसऱ्या दिवशी हिंग. घरात काडेपेट्यांचा ढीग झाला होता. दिपालीला वाटायचं, सासूबाईंना विसर पडायला लागला. पडू दे. फोनमधून त्याचा आवाज आला, शाळेच्या गेटवरचा गलका ऐकू आला, की मालुबाईच्या जिवात जीव यायचा.

बोलायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण रिटायर झाल्यावरचे पहिले सहा महिने तिनं बघितले होते. हा माणूस सकाळी शेडच्या वेळेला उठून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत बसायचा आणि नऊ वाजले की शर्ट काढून खुंटीला अडकवायचा. शाल्मली शाळेत जायला लागली आणि त्या शर्टाला पुन्हा काम मिळालं. ते काम आता आपण काढून घ्यायचं? आणि नाही काढलं, आणि एखाद्या दिवशी सव्वाआठला फोन उचलला गेला नाही तर? ह्या दोन प्रश्नांच्या मध्ये ती महिनाभर उभी होती.

“आई, डायरी आण आप्पांची,” साईराज म्हणाला. व्हिडिओतल्या माणसावर सौम्याचा विश्वास बसला नव्हता. “आपल्या गावातलाच हिशेब बघू. कुणाची कंपनी किती टिकली.”

मालुबाई हात पुसून आतल्या खोलीत गेली. डायरी कपाटात, सातबाराच्या पिशवीखाली. ती सातवी शिकलेली. नवऱ्याचं अक्षर तिला येत होतं. उभ्या उभ्याच तिनं पानं उलटली. शेजारच्या नागोजीची गाडी, कॉलेज रोडवाली, सहा वर्षं, एक लाख दहा हजार. क्लच मूळचा. शाळामास्तरांची, तीच कंपनी, नऊ वर्षं. क्लच मूळचा. डेअरीवाल्याची, तीच. मूळचा. पाचही गाड्यांना तेच. मग स्वतःच्या गाडीचं पान आलं. पहिली प्लेट, तारीख, किलोमीटर. दुसरी प्लेट, तारीख, किलोमीटर. त्याच्याखाली मागच्या महिन्यात बदललेला वायपर लिहिला होता. त्याच्याखाली टायरची हवा.

तिसरी प्लेट नव्हती.

मालुबाईनं पान पुन्हा वरून खाली वाचलं. वायपरचं रबर लिहिणारा माणूस क्लचप्लेट विसरत नाही. म्हणजे त्याला ठाऊक होतं. ती एकटीच ओझं घेऊन उभी नव्हती. दोघंही एकाच घरात तेच ओझं एकमेकांपासून लपवत हिंडत होती.

ती बाहेर आली. “सापडत न्हाय,” म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी करपली होती. रवळूअण्णानं पानावरून मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं. डायरी कुठं असते हे त्या घरात कोण विसरेल?

जेवणं झाल्यावर पोरं शाल्मलीला घेऊन रताळ्याच्या रानाकडं गेली. रवळूअण्णा मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसला. मालुबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि रोजच्यासारखी त्याच्या पायाशी बसली. पाय मांडीवर घेतला. टाचेवर जुन्या काचेची खूण होती.

“डायरी हुती की तिथं,” तो म्हणाला.

“व्हय.”

“वाचलीस?”

“वाचली.”

मग त्यानं पाठ सरळ केली. शेडमध्ये पहिला नग हातात घेताना बसत असेल तसा.

“धर बघू बोटं. एकेक. मी डोळं झाकतो.”

“कशाला ते?”

“धर.”

तिनं डाव्या पायाचा अंगठा धरला.

“अंगठा,” तो म्हणाला.

“व्हय.”

तिनं करंगळी धरली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मधलं,” तो म्हणाला.

“बरोबर.”

मग तिनं पाय सोडूनच दिला. दोन्ही हात मांडीवर घेतले. “आता?”

“अंगठाच धरलायस परत.”

“बरोबर,” मालुबाई म्हणाली.

रवळूअण्णानं डोळे उघडले. तिचे रिकामे, तेलकट हात बघितले. ती नजर चुकवायला वाटीशी खेळायला लागली.

“चाळीस वर्सांत तुला एकदाबी खोटं बोलाय आलं न्हाय, मालू.”

“कवापासनं ठावं हाय तुम्हाला?”

“दुसऱ्या प्लेटीपासनं. पैलीला मीबी कंपनीला शिव्या दिल्या.”

“आणि तरी गाडी काढत ऱ्हायलासा.”

त्यानं भिंतीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “गेटमधनं आत गेली की ती वळून बघती. बाकीची पोरं बघत न्हाईत. तेवढंच आसतंय बघ दिवसात.”

ह्यावर मालुबाईला काहीतरी मऊ बोलता आलं असतं. तिच्या ओठावर आलंही होतं. पण तिला सव्वाआठचं घड्याळ आठवलं आणि ती आतल्या आत कडक झाली.

“ब्रेक कळला न्हाय तर?”

“ब्रेक उजव्या पायात. उजवा पास हाय अजून.”

“अजून,” मालुबाई म्हणाली.

तिनं पुन्हा पाय मांडीवर घेतला आणि तेल चोळायला लागली. चोळता चोळता म्हणाली, “गावात सांगितलासा, प्लेट टिकत न्हाय म्हून.”

“टिकत न्हाय हे खोटं न्हाय.”

“अर्धंच सांगितलासा.”

चाळीस वर्षांत त्याला असं कुणी बोललं नव्हतं. त्यानं पाय काढून घेतला नाही. मालुबाईनं उजव्या पायाची बोटंही एकेक करून दाबली, न विचारता.

चारच्या सुमाराला पोरं रानातून परतली, आणि त्यांच्या मागोमाग नागोजी आला. नागोजी शेजारचा, वयानं रवळूअण्णापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि त्याच्या शब्दाबाहेर न जाणारा. सहा वर्षांपूर्वी डायरी ऐकून त्यानं कॉलेज रोडवाली घेतली होती. पोरीसारखी सांभाळली. उन्हात लावली नाही, ओल्या पायानं कुणाला आत बसू दिलं नाही. दिपालीनं चहा ठेवला. सगळे पुढच्या पडवीत बसले. साईराज आणि सौम्या ह्यांचं अजून मिटलं नव्हतंच. आता नागोजीला पंच करून दोघंही त्याला आपापली बाजू सांगायला लागली.

नागोजी हातातल्या बशीकडं बघत म्हणाला, की त्याचा प्रश्न वेगळाच आहे. निपाणीचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी उद्या सकाळी येणार आहे. देईल त्या भावाला गाडी देऊन टाकावी असं घरात ठरलंय. अण्णांच्या गाडीच्या तीन प्लेटा गेल्या, मास्तरही भ्यालेत, तेही विकणार म्हणतात. आपली गाडी अजून कुरकुरत नाही, पण कंपनीच खराब निघाली असेल तर आज ना उद्या कुरकुरणारच.

“मन व्हईना अण्णा,” तो म्हणाला. “म्हून इचाराय आलो. तुम्ही इक म्हणालासा तर इकतो. घे म्हटल्यावर घेतलीच हुती की.”

साईराज म्हणाला, विक काका, बाजारात बोभाटा व्हायच्या आत विक. सौम्याचंही ह्या एका बाबतीत भावाशी पटलं. मालुबाई चौकटीला टेकून उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर ते सांगितल्यासारखं झालं असतं, आणि हे तिला सांगायचं नव्हतं. हे त्याचं काम होतं. ती अंगणात दोरी उडवणाऱ्या शाल्मलीकडं बघत राहिली आणि मनातल्या मनात उड्या मोजायला लागली. अकरा. बारा. तेरा.

“इकू नको,” रवळूअण्णा म्हणाला.

नागोजीनं मान वर केली.

“तुझी गाडी चांगली हाय. मास्तरांचीबी. माझीबी चांगलीच हाय. पाच गाड्यांचा क्लच मूळचा हाय आणि एकाच गाडीच्या तीन प्लेटा जळत्यात, तवा कंपनी बघायची नसती.” त्यानं चहाची बशी खाली ठेवली. “प्लेटा मी जाळल्या. माझा डावा पाय मला कळत न्हाय. क्लचवर हाय का जमिनीवर, कळत न्हाय. दीड वर्स झालं ठावं हुतं. सांगितलं न्हाय.”

अंगणात शाल्मलीची दोरी जमिनीवर आपटत होती. नागोजी उठला, काय करावं न कळून पुन्हा बसला, आणि मग त्यानं रवळूअण्णाच्या गुडघ्यावर हात ठेवला. जाताना एवढंच म्हणाला, व्यापाऱ्याला आत्ताच फोन करतो. आणि मास्तरांच्या घरावरून जातो.

तो गेला तशी पोरांना वाचा फुटली. सौम्याचे डोळे भरले होते. ती बापाला म्हणाली, निपाणीला चला, तिथं चांगले डॉक्टर आहेत. साईराज म्हणाला, निपाणीत काय आहे, हुबळीला दाखवू. मग त्याला एकदम सुचलं, की आजकाल क्लच नसलेल्या गाड्या मिळतात, नुसता उजवा पाय लागतो, आप्पा आरामात चालवतील, आणि त्यात हायवेवालीचा गिअर सगळ्यात चांगला. सौम्या डोळे पुसत म्हणाली, त्यात तर खानापूर रोडवालीच चांगली, इचार कुणालाबी. आणि बघता बघता दोघं पुन्हा जुंपली, ह्या वेळी बापाच्या मायेपोटी, त्यामुळं आवाज आणखीच चढले.

दिपाली चहाचे कप गोळा करत होती. पाच वर्षांपूर्वी तिनं बेळगावात गाडी शिकून लायसन काढलं होतं. मच्छ्याच्या सहकारी सोसायटीत ती नोकरीला होती आणि स्कूटरवरून ये-जा करायची. एकदाच तिनं घरची गाडी चौकापर्यंत नेली होती. शेजारी बसलेल्या सासऱ्यानं प्रत्येक गिअरला अशी काही नापसंतीची मान हलवली, की परत येऊन तिनं किल्ली खुंटीला अडकवली ती पुन्हा कधी काढली नाही. तेव्हापासून लायसन कपाटात पडून होतं.

“दिपाली,” रवळूअण्णा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण शेडमध्ये यंत्रं चालू असतानाही ऐकू जायचा तसला होता. दोघं भांडणारी थांबली. “सोसायटी किती वाजता उघडती तुझी?”

“धाला, मामा.”

“शाळा साडेआठची.”

दिपालीनं कप गोळा करणं थांबवलं. तिनं सासूकडं बघितलं. मालुबाईनं पुढं होऊन तिच्या हातातले कप घेतले. तेवढंच तिला करता येण्यासारखं होतं.

“आप्पा, पण...” साईराजनं सुरुवात केली.

“पण न्हाय आणि बिन न्हाय,” रवळूअण्णा म्हणाला. “गाडी इकायची न्हाय, नवी घ्यायची न्हाय. बारा वर्सांत लोखंड बोललं न्हाय तिचं, अजून पाच वर्सं बोलत न्हाय. उद्यापास्नं दिपाली चालवणार. आठ दिवस मी शेजारी बसणार, तोंड उघडणार न्हाय. नवव्या दिवसापास्नं मी घरात.”

मग तो उठला, भिंतीला हात लावून उभा राहिला, आणि आत जाता जाता पाठमोराच म्हणाला, “सव्वासातला तयार ऱ्हावा दोघी.”